अग्निकराचा ठराव

१

पालिकेच्या करवसुली खात्याची इमारत रविवारी दुपारी जळली आणि सोमवारी सकाळी मी तिच्या लिफ्टमध्ये वाकून बघत होते. मी विमा कंपनीची तपासनीस. कुठे काही जळलं, बुडालं, कोसळलं की कंपनी मला पाठवते आणि खरं काय झालं ते मी लिहून देते. जळक्या कागदाच्या वासाने मला काही होत नाही. माणसांच्या वागण्याने मात्र अजूनही मळमळतं.

लिफ्ट तळमजला आणि पहिला मजला यांच्या मध्येच अडकली होती. दार पहारीने उचकटलं होतं. आत सफाईवाल्या मावशी धुराने गुदमरून गेल्या. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणायची. त्यांचं नाव विचारलं, तर तिथल्या एकालाही ते पटकन सांगता येईना. रोज टेबल पुसून घेणारी माणसं ही.

"उघड आहे मॅडम," फौजदार नाकाला रुमाल लावून म्हणाला. "मावशींनी वर चहासाठी विजेची शेगडी लावली आणि विसरल्या. तारा तापल्या, शेजारच्या दफ्तरखोलीने पेट घेतला. बाई घाबरल्या, लिफ्टमध्ये शिरल्या, वीज गेली, अडकल्या. संपलं."

"तुम्ही वर जाऊन शेगडी बघितलीत?"

"वर? किती काजळी आहे वर!"

त्याचे बूट चकचकीत होते. तपास त्याने जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून उरकला होता.

बाहेर फाटकाशी मावशींची मुलगी उभी होती. ती बस कंडक्टर. तिकिटांची बॅग खांद्यावर तशीच होती. डोळे कोरडे होते आणि आवाज चढलेला.

"सकाळी कामावर गेले. म्हटलं, घरी बसून काय करू? तर गाडीतला एक जण दुसऱ्याला म्हणतो, हिच्याच आईने ऑफिस जाळलं. भर गाडीत, ताई! मी त्याला तिकीट दिलं आणि गाडीतून उतरून इथे आले."

"तुमची आई रविवारी कशी आली?"

"बुधवारी मोठी सभा आहे ना, सगळं चकाचक पाहिजे म्हणून सांगितलं होतं. जेवून निघाली. ताई, मला भरपाई वगैरे काही नको. आईने आग लावली नाही एवढं कागदावर आलं पाहिजे. नाहीतर मी त्या गाडीत पुन्हा चढणार कशी?"

मी कोणाला वचन देत नाही. वचनं दिली की डोळ्यांवर पट्टी येते. पुन्हा लिफ्टपाशी गेले आणि आत कोपऱ्यात असलेल्या मावशींच्या बादलीकडे नीट बघितलं. बादली काठोकाठ भरलेली होती. पाण्यावर काजळीची साय होती. बोटाने ती बाजूला केली, तर खाली पाणी स्वच्छ. शेजारचं फडकं खडखडीत कोरडं होतं.

मी पहारेकऱ्याला विचारलं, "वर नळ आहे का?"

"नाही बाई. पाणी खालूनच न्यावं लागतं."

म्हणजे मावशी आगीपासून पळत खाली येत नव्हत्या. त्या काम सुरू करायला वर निघाल्या होत्या. वर पोचल्याच नव्हत्या, मग शेगडी कोणी लावली?

२

बुधवारची सभा अग्निकरासाठी होती. या शहरात एकच बंब आहे, तोही चढावर धापा टाकतो. दुसरा बंब, लांब शिडी आणि जखमींसाठी गाडी घ्यायची तर लोकांवर नवा कर बसवावा लागणार, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. कोणावर किती, यावर वर्षभर तमाशा चालला होता. एक बाजू म्हणे, घरटी सारखा कर लावा. दुसरी म्हणे, जागा मोजून लावा. ज्याचं गोदाम मैदानाएवढं, त्याने खोलीत राहणाऱ्याएवढंच का द्यावं?

दुसऱ्या बाजूला एक माध्यमिक शाळेतल्या बाई होत्या, नगरसेविका. पहिल्या बाजूला गोदामशेठ. तेही नगरसेवक, आणि शहरातली निम्मी गोदामं त्यांची. त्या गोदामांची नवी मोजमापं नेमकी जळलेल्या दफ्तरखोलीत होती.

मी सरळ गोदामशेठकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि चेहरा पाडला. पडलेला चेहरा त्यांना बसत नव्हता, दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखा दिसत होता.

"फार वाईट झालं. बिचारी मावशी! पण एक सांगा, त्या मोजमापांची दुसरी प्रत वगैरे..."

"मला विचारताय?"

"सहज हो. शहराची काळजी."

"रविवारी दुपारी कुठे होता?"

"नातवाचा वाढदिवस होता. सगळी पालिका जेवायला होती. विचारा कोणालाही. अध्यक्षांनीच केक भरवला."

विचारलं. खरं होतं. अध्यक्ष, फौजदार, निम्मे नगरसेवक, सगळे त्या मांडवात होते. आगीची बातमी आल्यावरही बरेच जण आइस्क्रीम संपवून उठले, हे मला वाढपी पुरवणाऱ्या माणसाने सांगितलं.

मोजमापं घेणारा करनिरीक्षक वाढदिवसाला नव्हता. त्याला खात्यात टेपमास्तर म्हणतात, कारण मोजायची टेप कायम त्याच्या खिशात. तो जळक्या कपाटासमोर स्टुलावर बसून गाल चोळत होता.

"वर्षभर उन्हातान्हात मोजलंत. वाईट वाटत नाही?"

"वाटून काय करू? पुन्हा मोजायला सांगतील, पुन्हा मोजू. पगार थांबणार आहे का?"

"रविवारी कुठे होतात?"

"दाढदुखी. दवाखान्यात. डॉक्टरांनी दाढ काढली, दाखवू?"

त्याने खरोखरच खिशातून कागदाची पुडी काढली. मी नको म्हटलं, तरी उघडलीच. पुडीवर दवाखान्याचा शिक्का होता आणि दुपारची वेळ.

दोघंही सुटले. ज्यांना आगीचा फायदा होता ते सगळे हातात बशी घेऊन उभे होते, आणि ज्याचं दफ्तरखोलीत रोजचं येणं-जाणं होतं तो दंतवैद्याच्या खुर्चीत होता. मग मी पहारेकऱ्याला दमात घेतलं.

"पुढच्या फाटकातून कोण आत गेलं?"

"कोणी नाही."

"मावशी?"

त्याने मान खाली घातली. "मी जरा पान खायला गेलो होतो. त्या कधी गेल्या ते मला माहीत नाही. बंब आला तेव्हा मी ओरडून सांगितलं की आत कोणी नाही. देवाशपथ, मला तसंच वाटत होतं."

"आणि मागचं दार?"

"ते कायम कुलूपबंद. त्याची किल्ली आमच्याकडे नसतेच. अध्यक्षांच्या केबिनमध्ये असते."

मी मागे जाऊन बघितलं. दार फोडलेलं नव्हतं. कुलूप नुसतं कडीत अडकवून ठेवलेलं होतं, उघडंच.

३

मी पहिल्या मजल्यावर चढले. दफ्तरखोली आतून कोळसा झाली होती. बाकीच्या खोल्यांना मात्र धग लागली नव्हती. कारण सोपं होतं. प्रत्येक खोलीचं दार, प्रत्येक खिडकी नीट लावून घेतलेली. दफ्तरखोलीचं दारसुद्धा. फक्त त्या दारावरची हवेची झडप उघडी राहिली होती आणि सगळा धूर तिथून जिन्यात आणि लिफ्टच्या पोकळीत उतरला होता.

मी बऱ्याच लावलेल्या आगी बघितल्या आहेत. आग लावणारा दारं उघडी टाकतो, आगीला हवा मिळावी म्हणून. हा कोण शहाणा, ज्याने आग लावली आणि ती पसरू नये याचीही काळजी घेतली?

शेगडी पॅसेजच्या कपाटात होती. तिची वायर गुंडाळून दोरीने बांधलेली होती.

खाली जिन्यामागे विजेचं मेन स्विच होतं. मोठा लोखंडी खटका, खाली ओढलेला. सगळी पेटी काजळीने काळी झाली होती. फौजदार मागे आला.

"तो बंबवाल्यांनी बंद केला. आले की पहिलं काम तेच करतात."

मी रुमालाने धरून खटका वर उचलला. तो खाली असताना जिथे टेकला होता, तिथे त्याच्या आकाराचा स्वच्छ पत्रा निघाला, काजळीचा ठिपकाही नाही. आणि खटका वर असताना जिथे टेकतो, तिथे काजळी सरसकट बसलेली.

"बघा नीट," मी म्हटलं. "बंबवाल्यांनी येऊन खटका ओढला असता, तर काजळी बसताना तो वर असता आणि स्वच्छ जागा वर राहिली असती. ती खाली आहे. म्हणजे धूर व्हायच्या आधीच खटका खाली होता."

"मग?"

"मग वीज आधी गेली आणि आग नंतर लागली. वीजच नव्हती, तर शेगडी कशी तापली? तारा कशा जळल्या?"

फौजदाराने खिशातली वही काढली. त्याच्या चेहऱ्यावर खेद नव्हता, पुन्हा सगळं लिहावं लागणार याचा कंटाळा होता. त्या कंटाळ्याची मला इतकी किळस आली की मी तोंड फिरवलं.

कोणीतरी मुद्दाम वीज तोडली होती, आणि त्याच क्षणी मावशी बादली घेऊन लिफ्टमध्ये होत्या. आग लावायच्या आधी वीज तोडायचं कोणाच्या डोक्यात येईल?

४

अग्निशमन केंद्र मागच्याच गल्लीत आहे. बंब अंगणात उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर, जाड मिशीचा, पाइप उन्हात पसरत होता. पाइपला जागोजाग ठिगळं होती.

"आम्ही किती लवकर पोचलो ते लिहा हं मॅडम! समोरच्या दुकानदाराचा फोन आला आणि आम्ही निघालो. साहेब तर टोपी घालून तयारच होते. आणि उतरले तसे ओरडले, पाणी राहू द्या, आधी लिफ्ट फोडा! तिघांना पहार देऊन पिटाळलं. आमचे साहेब म्हणजे..." त्याने छातीवर हात ठेवला. "अंगातच आहे त्यांच्या. पण मावशीचं नशीब नव्हतं."

मी तिथेच थांबले.

"पहारेकरी काय म्हणाला होता?"

"तो? तो बोंबलत होता की आत कोणी नाही. साहेबांनी ऐकलंच नाही त्याचं."

"लिफ्टमधून आवाज येत होता?"

"छे, तेव्हा नाही. तेव्हा सगळं गप्प होतं."

ड्रायव्हर अभिमानाने हसत होता. आपण काय बोललो हे त्याला कळलं नव्हतं, आणि मला ते सांगवेना.

केंद्रप्रमुख आतल्या खोलीत बसले होते. उंच, वाळका माणूस. भिंतीवर एका तिमजली घराचा फोटो होता, वरच्या खिडक्या जळलेल्या. मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

"मागच्या वर्षीचं. आमची शिडी दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचते. वर चौघं होती. खालून बघत उभे राहिलो. त्यानंतर पालिकेच्या प्रत्येक सभेला गेलो मी. प्रत्येक वेळी म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू."

"साहेब," मी दार लावून घेतलं, "लिफ्टमध्ये कोणीतरी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

५

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे मान वळवली. मग मीच बोलले.

"बाहेरून येणाऱ्याला ते कळणं शक्य नव्हतं. पहारेकरी आत कोणी नाही म्हणत होता. लिफ्ट शांत होती. ज्याने आधी आतून आवाज ऐकला होता, त्यालाच माहीत होतं. आणि तो कोण, ते इमारत सांगतेच आहे. आग पसरू नये म्हणून दारं लावतो कोण? आपल्या जवानांना शॉक लागू नये म्हणून आधी मेन स्विच पाडतो कोण? हे चोराला सुचत नाही, शेठला तर नाहीच नाही. तुमचा हात आपोआप तिकडे गेला."

"मी खोली न् खोली बघितली होती," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "वरून खालपर्यंत. कोणी नव्हतं. मग खाली येऊन खटका ओढला, वर गेलो. लहानशी आग लावायची होती. खिडकीतून ज्वाळा दिसतील एवढीच. त्यांच्या स्वतःच्या इमारतीत एकदा लागली की त्यांना कळेल, असं वाटलं."

"त्यांना म्हणजे?"

"अध्यक्षच म्हणाले होते, यांच्या डोळ्यांसमोर एखादी आग लागल्याशिवाय यांची अक्कल उघडणार नाही. मागच्या दाराची किल्ली त्यांनीच दिली. म्हणाले, दफ्तरखोलीत नुसती रद्दी आहे, कोणाचं काही जात नाही."

आता कळलं. अध्यक्षांनी एकाच काडीत दोन कामं साधली होती. हा भोळा माणूस बंबासाठी जीव टाकत होता, आणि त्याच्या हातून त्यांनी गोदामशेठची मोजमापं जाळून घेतली. त्या वेळी स्वतः तिकडे शेठच्या नातवाला केक भरवत होते.

"आवाज कधी ऐकलात?"

"दफ्तरखोलीचं दार लावताना. आधी वाटलं, वरचा पत्रा वाजतोय. मग ती हाक मारायला लागली. कोणी आहे का, कोणी आहे का, म्हणून."

"खटका वर केला असता तर लिफ्ट चालू झाली असती."

"हो."

"खटका किती लांब होता? एक जिना उतरायचा होता."

"हो."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तिने मला बघितलं असतं. म्हटलं, केंद्रावर जातो, बंब घेऊन येतो. आपण लवकर पोचतो. फोन येईपर्यंत मी टोपी घालून उभाच होतो. फोनच येईना. मी स्वतःहून निघालो असतो, तर विचारलं असतं ना सगळ्यांनी, कसं कळलं म्हणून."

चौघांसाठी वर्षभर जळणारा हा माणूस एका बाईची हाक ऐकून जिना उतरून निघून गेला होता. मला त्याची कीव आली पाहिजे होती. आली नाही. मी उठून बाहेर आले आणि अंगणातल्या नळावर तोंड धुतलं.

संध्याकाळी फौजदाराने त्यांना मागच्या दाराने नेलं. जबाबात त्यांनी अध्यक्षांचं नाव घेतलं. मी ते ऐकलं, फौजदाराने ऐकलं, आणि अध्यक्षांनी कानांवर हात ठेवले.

"मी काळजीपोटी काहीतरी बोललो असेन हो. किल्ली? ती तर केबिनमध्ये टांगलेली असते, कोणीही घेईल. बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मॅडम, तुम्ही चहा घेणार ना?"

६

माझा अहवाल मी मंगळवारी दिला. त्यात मावशींचं पूर्ण नाव लिहिलं, त्यांच्या मुलीला विचारून. आगीशी त्यांचा काही संबंध नाही, उलट आग लावणाऱ्याने वीज तोडल्यामुळेच त्या अडकल्या, हेही लिहिलं. मुलीने तो दोनदा वाचला आणि घडी घालून तिकिटांच्या बॅगेत ठेवला.

"ताई, हे सभेत वाचतील का?"

"वाचायला हवं. अध्यक्षांकडे प्रत दिलीय."

"मग मी येते. त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला."

बुधवारी सभागृह भरलं होतं. मुलगी प्रेक्षकांच्या बाकावर गणवेशातच बसली होती, मी शेजारी. शाळेतल्या बाई हातात टिपणं घेऊन तयार होत्या. त्यांच्या बाजूने बरेच नगरसेवक वळले आहेत, घरटी कर आज फेटाळला जाणार, अशी कुजबुज होती. इथे मतदान हात वर करून होत नाही. ठराव मांडला की बाजूचे उभे राहतात, विरोधातले बसून राहतात, आणि सचिव एक नजर टाकून निकाल सांगतो. सुरुवातीचे दोन किरकोळ ठराव तसेच उठबस करत झाले.

मग अध्यक्ष उठले. डोळे भरून आलेले. खरंच भरलेले होते, एवढं कसब मी आजवर कोणाकडे बघितलं नाही.

"आपल्या सर्वांच्या लाडक्या मावशी," ते म्हणाले, "कर्तव्य बजावताना आपल्याला सोडून गेल्या. त्यांना श्रद्धांजली म्हणून सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं."

नाव घेतलं नाही. अहवाल वाचला नाही. त्यांनी आग लावली नव्हती, हे एक वाक्यही नाही. पण सगळं सभागृह उभं राहिलं, नगरसेवक, सचिव, प्रेक्षक, सगळे. गोदामशेठने हात जोडले. आम्ही दोघीही उभ्या राहिलो. मुलीची मान खाली होती आणि ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, वाचतील आता, दोन मिनिटं झाल्यावर वाचतील.

दोन मिनिटं व्हायच्या आधीच अध्यक्षांचा आवाज आला. तसाच ओला.

"मावशींच्या स्मरणार्थ, या शहरात पुन्हा कोणाचा असा जीव जाऊ नये म्हणून, घरटी समान अग्निकराचा ठराव मी मांडतो. गोदामांची मोजमापं दुर्दैवाने आगीत गेली, तेव्हा दुसरा मार्गही उरलेला नाही. ठरावाच्या बाजूच्यांनी उभं राहावं."

सगळे उभेच होते.

शाळेतल्या बाईंनी खुर्चीच्या हाताला धरलं. त्या बसू पाहत होत्या, पण मेलेल्या बाईच्या श्रद्धांजलीत पहिलं खाली बसायचं कोणी? त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. त्यांच्या बाजूचे नगरसेवक जमिनीकडे बघत होते. बाईंचे गुडघे वाकले आणि पुन्हा ताठ झाले. हातातली टिपणं त्यांनी पर्समध्ये टाकली.

सचिवाने सभागृहावर नजर फिरवली. "एकमताने मंजूर."

कोणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि प्रसंग आठवून थांबलं.

तेवढ्यात शेजारी बाक करकरला. मुलगी खाली बसली होती. बॅग मांडीवर घेऊन, पाठ ताठ करून, सरळ अध्यक्षांकडे बघत. उभ्या गर्दीत ती बसलेली सगळ्यांना दिसली आणि एकेक जण वळून बघायला लागला.

"बाई, उठा," सचिव म्हणाला. "प्रेक्षकांना मत नसतं."

"मत देत नाहीये," ती म्हणाली. "माझी आई मेलीय. मी बसलेय."